घासलेला टायर आणि नदीचा पूर

मागच्या वेळी आपण शेषवत् अनुमान पाहिलं, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणं. वात्स्यायनाचं उदाहरण आठवत असेल : नदीला पूर दिसला, की वर कुठेतरी पाऊस झालाय असं आपण म्हणतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने चिठ्ठी दिली. ‘सर, नदीचं ठीक आहे. माझी जुनी मारुती 800 आहे. स्टीअरिंग ढिलं लागतं, पुढचे टायर वेडेवाकडे घासतात, आणि तीन गॅरेजवाले तीन कारणं सांगतात. न्यायदर्शन काय म्हणतं?’ चिठ्ठी थोडी थट्टेतली असावी. पण प्रश्न खरा आहे, आणि न्यायदर्शनाकडे त्याला उत्तरही आहे.

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या पुरावरच आक्षेप घेतलेला आहे. पाणी चढलं म्हणजे पाऊसच झाला कशावरून? खाली कुणी बांध घातला तरी पाणी चढतंच की! यावर उत्तर असं, की नुसतं चढलेलं पाणी हे लिंगच नव्हे. प्रवाहाला ओढ आहे, फेस आहे, लाकडं-पानं वाहून येताहेत, हे सगळं मिळून पावसाचं लिंग होतं. चूक अनुमानाची नसते हो, अर्धवट पाहणाऱ्याची असते.

‘टायर घासलाय’ हे नुसतं चढलेलं पाणी झालं. कुठे घासलाय ते बघा. मधला पट्टा गेलाय आणि कडा शाबूत, तर हवा जास्त भरली जातेय. दोन्ही कडा गेल्या, मध्य शिल्लक, तर हवा कमी. इथे स्टीअरिंगचा काही संबंध नाही, शंभर रुपयांचं हवेचं मीटर घ्या. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप मेलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. एकच कड गेली असेल तर मात्र चाकाचा कोन बिघडलाय. पण कोणता कोन? यासाठी डोळ्यांपेक्षा तळहात बरा. टायरवरून हात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका बाजूने गुळगुळीत आणि उलट्या बाजूने करवतीसारखं अडकत असेल, तर दोष टो-चा. म्हणजे पुढची दोन्ही चाकं वरून पाहिली तर समांतर नाहीत, बोटं आत किंवा बाहेर वळवून चालणाऱ्या माणसासारखी आहेत. हात दोन्हीकडून गुळगुळीत फिरतो आणि तरी एकच कड गेलीय, तर संशय कॅम्बरवर, म्हणजे चाक उभ्या रेषेतून कललंय.

टो-चा दोष किती क्षुल्लक वाटतो बघा. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत दीड मिलीमीटरचा फरक. 12 इंची रिमवर हिशेब केला तर ते चाक दर किलोमीटरला साडेचार-पाच मीटर आडवं फरफटल्यासारखं होतं. मग रबर किती टिकणार?

पण टायर आपल्याला भूतकाळ सांगतो. गेल्या काही हजार किलोमीटरमध्ये काय झालं, ते. आज काय ढिलं आहे ते सांगत नाही. त्यासाठी गाडीखाली जावं लागतं.

यात दोन माणसं लागतात. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टीअरिंग थोडं डावीकडे-उजवीकडे हलवत राहायचं, पूर्ण फिरवायचं नाही. दुसऱ्याने साखळी क्रमाने बघायची : स्टीअरिंगच्या दांड्याचा सांधा, मग रॅक आणि ती बॉडीला धरून ठेवणारे रबरी बुश, मग टाय रॉड, मग टोकाचा टाय रॉड एंड. जिथे अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा हलत नाही, तिथे दोष. सगळे सांधे ठीक आणि रॅकच आडवी सरकतेय, तर बुश गेले. इतकं सोपं आहे, तरी ही पाच मिनिटं बहुतेक ठिकाणी कुणी देत नाही.

नंतर मागच्या चाकांना दगड लावा आणि पुढचं एक चाक उचला. नुसत्या जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड द्या. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर बहुधा टाय रॉड एंड किंवा रॅकचं आतलं टोक. मग बारा आणि सहाच्या जागी धरा. इथे खेळ लागला तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. दोघांत निवड कशी करायची? कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला, तर बेअरिंग. ब्रेक दाबूनही राहिला, तर बॉल जॉइंट. आपले नैयायिक ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात ते हेच. एक गोष्ट काढून घ्यायची आणि कार्य उरतं का ते पाहायचं.

आता त्या तीन कारणांकडे येऊ. बहुतेकदा पहिला सल्ला मिळतो अलाइनमेंट करून घ्या. मला हा क्रम उलटा वाटतो. मशीन मोजतं ते उभ्या गाडीचं. लोअर आर्मचे बुश फाटलेले असतील तर मशीनवर आकडे छान येतात, आणि रस्त्यावर ब्रेक मारला की आर्म मागे सरकतो, चाक पुन्हा वळतं. ढिल्या सांध्यांवर केलेली अलाइनमेंट म्हणजे हलत्या फूटपट्टीने मोजलेलं कापड. आधी सांधे, मग अलाइनमेंट, मग लागलेच तर टायर. टायर मागे-पुढे करायचे तेही निदान झाल्यावरच, कारण कोणत्या चाकाची कोणती कड गेली हा पुरावा त्यात पुसला जातो.

आणि चिठ्ठी देणाऱ्यांना एक वेगळं सांगायचंय. टायर अगदी गुळगुळीत झालेला नसेल, तर त्याचं घासणं हा पैशांचा प्रश्न आहे, तो महिनाभर थांबेल. पण टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंटमध्ये हाताला स्पष्ट खेळ लागत असेल, रबरी बूट फाटून आत माती गेली असेल, तर गाडी घाटात काय, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही नेऊ नका. तो सांधा निसटला की स्टीअरिंग हातात राहतं आणि चाक आपल्या मर्जीने वळतं. मेकॅनिकला घरी बोलवा.