डाव की ठोसा?

श्रीगोंदा तालुक्यातल्या काष्टीला जनावरांचा आठवडे बाजार भरला की दावणी, टेम्पो आणि गिऱ्हाइकं यांतून अंग चोरतच वाट काढावी लागते. अशा गर्दीत कुणी गचांडी धरली, तर ठोसा लगावायला हात मागे न्यायलाही जागा मिळत नाही. तिथे कामी येते कुस्ती. जत्रेतला कुस्त्यांचा हगामा बघत वाढलेल्या नगरी पोराला हे सांगावं लागत नाही.

समोरचा रेटत अंगावर आला की पैलवान त्याचा हात ओढून गर्रकन पाठ फिरवतो, कंबर त्याच्या पोटाखाली घालतो आणि खांद्यावरून त्याला पुढे आपटतो. धोबीपछाड ती हीच. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये जपानात ज्यूदो उभा केला, त्यातला सेओई-नागे हा डाव तिचा सख्खा भाऊ शोभेल. फक्त ज्यूदोवाला जाकिटाची कॉलर धरतो. लंगोटावरच्या पैलवानाला मान, मनगट आणि दंड यांवरच भागवावं लागतं. रस्त्यावर ही सवय जास्त उपयोगाची, कारण फाटक्या शर्टाचा काय भरवसा! आणि डावाला धिप्पाड अंगच लागतं असंही नाही: गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, ते बँटमवेट या हलक्या वजनगटात.

पण आखाड्याच्या हौदातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद कालवलेली असते. चितपट झालेला गडी माती झटकून उठतो. डांबरावर त्याच डावाने डोकं आपटलं तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५ ने दिला आहे, तर कलम ३७ म्हणतं, गरजेपेक्षा जास्त इजा नको. शिवाय पट काढायला, म्हणजे पाय धरायला, खाली वाकलात आणि समोरच्याचा साथीदार मागे उभा असला, तर लाथा तुम्हालाच बसणार.

ठोशाला पकड लागत नाही. मारायचं आणि पळायचं. मात्र कवटी मुठीपेक्षा कठीण. करंगळीमागचं तळहातातलं हाड मोडतं, त्याला डॉक्टर ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’च म्हणतात. त्यापेक्षा तळहाताचा मनगटाकडचा भाग किंवा कोपर बरं. आणि नुसत्या हवेत ठोसे मारून तयार झालेला कराटेचा पट्टेवाला पकडीत सापडला की गोंधळतो. अमेरिकेत १९९३ साली यूएफसी या मिश्र लढतींच्या पहिल्या स्पर्धेत जमिनीवरच्या पकडींत तरबेज रॉयस ग्रेसीने आपल्या पहिल्याच लढतीत एका बॉक्सरला जमिनीवर नेऊन शरण आणलं होतं. अर्थात तिथे दोघेच होते आणि खाली डांबर नव्हतं.

तेव्हा पोरापोरींसाठी क्लास शोधताना पट्ट्याचा रंग विचारू नका. पडायचं कसं ते शिकवतात का, आणि खरोखर घट्ट धरलेला हात सोडवून घेतात का, ते बघा. मनगट धरलं तर झटका धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने द्यायचा; पकड तिथेच कच्ची असते. एवढं आधी घोटून घ्या, धोबीपछाड मागाहून.