पैसे थांबले नव्हते, रस्ता चुकले होते
दिव्यांगांचे अनुदान कधी येते, कुठे येते आणि न आल्यास काय करावे

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहतात. त्यांचा सव्वीस वर्षांचा मुलगा जन्मापासून चालू शकत नाही. त्याला आकडीही येते. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून त्याला दर महिन्याला पैसे मिळत. मग एका महिन्यात ते आले नाहीत. पुढच्याही महिन्यात नाहीत. खाला दर आठवड्याला साठ रुपये रिक्षाला घालून बँकेत जात, पासबुक छापून घेत आणि परत येत. असे पाच महिने गेले. रमजान उधारीवर काढला. आकडीच्या गोळ्या पुरवून वापराव्यात म्हणून दोनच्या जागी एकच देऊ लागल्या आणि एका रात्री मुलाला मोठी आकडी आली.

तेव्हा कुठे ही गोष्ट आमच्या कानावर आली. आम्ही खालांना घेऊन तहसील कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनाने संगणकावर पाहून सांगितले, "पैसे तर दर महिन्याला जात आहेत." खालांच्या डोळ्यांत पाणी आले. त्यांना वाटले, कुणीतरी पैसे खाल्ले. पैसे कुणीच खाल्ले नव्हते. ते मुलाच्याच नावावर, पण दुसऱ्या बँकेत पडून होते. हे कसे झाले ते प्रत्येक दिव्यांगाच्या घरात माहीत असायला हवे, म्हणून हा लेख.

रक्कम किती आणि कुणाची

महाराष्ट्रात किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या गरजू व्यक्तीला संजय गांधी योजनेतून मदत मिळते. जुलै २०२३ पासून ही रक्कम दरमहा १५०० रुपये होती. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती २५०० रुपये झाली. वय ६५ झाल्यावर श्रावणबाळ योजना लागू होते. तिच्यातील दिव्यांगांनाही ही वाढ आहे. विधवा, परित्यक्ता आणि इतर निराधारांची रक्कम मात्र वेगळी. तुमच्या घरातील दिव्यांगाच्या खात्यात अजून १५०० रुपयेच येत असतील, तर कार्यालयात त्याची नोंद 'दिव्यांग' अशी आहे का आणि यूडीआयडी कार्डाचा क्रमांक चढवला आहे का, हे आधी विचारा.

दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल, तर केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेचे ३०० रुपये त्यात धरलेले असतात. उरलेली रक्कम राज्य देते. हे दोन भाग एकाच दिवशी जमा होतील असे नाही. म्हणून खात्यात फक्त ३०० रुपये दिसले तर घाबरू नका. उरलेले मागून येऊ शकतात.

ठरलेली तारीख का नाही

पगार एक तारखेला होतो तसे या पैशाचे नाही. आधी सरकार निधी मंजूर करते, मग लाभार्थ्यांची यादी तयार होते आणि त्यानंतर पैसे खात्याकडे निघतात. यातली एक पायरी अडली की सगळ्यांचेच पैसे अडतात. मार्च संपून नवे आर्थिक वर्ष सुरू होताना तर थांबावेच लागते. मग कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात. त्यामुळे जूनमध्ये आलेले पैसे जूनचेच असतील असे समजू नये.

आणखी एक गोष्ट. सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांच्यासाठी सरकारच्या हिशेबात वेगवेगळी खाती आहेत. शेजारच्या गल्लीत पैसे आले आणि आपल्याकडे नाहीत, याचे कारण एवढेच असू शकते.

म्हणून बँकेकडे धाव घेण्यापूर्वी आपल्याच योजनेतील, आपल्याच प्रवर्गातील दोन-तीन घरांत विचारा. कुणालाच आले नसतील तर वाट पाहण्यावाचून इलाज नाही, रिक्षाचे भाडे वाचवा. सगळ्यांना आले आणि फक्त तुम्हाला नाही, तर अडचण तुमच्या नोंदीत आहे. मग मात्र एक दिवसही थांबू नका. खालांनी पाच महिने वाट पाहिली, कारण सगळ्यांचेच थांबले असतील असे त्यांनी धरून ठेवले होते.

पैसा आधारच्या मागे जातो

२०२५ पासून या योजनेचे पैसे डीबीटीने, म्हणजे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. अर्जावर कोणता खाते क्रमांक लिहिला याला आता महत्त्व नाही. एनपीसीआय या संस्थेकडे प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेची नोंद असते. तुम्ही शेवटी ज्या बँकेला संमती दिली, तिचे नाव तिथे चढते आणि आधीच्या बँकेचे उतरते.

खालांच्या मुलाचे असेच झाले. वर्षभरापूर्वी गल्लीत एका मांडवात 'फुकट खाते' उघडून देत होते. खालांनी मुलाला खुर्चीत बसवून नेले आणि त्याने अंगठा दिला. त्याच अंगठ्याबरोबर सरकारी पैसे या खात्यात घेण्याची संमतीही गेली. घरात कुणाला ते कळले नाही. नव्या खात्यात पाच महिन्यांचे साडेबारा हजार रुपये साचले होते.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खाते डीबीटीला जोडले गेले असे नाही. त्यासाठी वेगळा संमतीचा फॉर्म भरावा लागतो. बँकेत सरळ विचारा, "हे खाते एनपीसीआयला डीबीटीसाठी जोडलेले आहे का?" आधारच्या संकेतस्थळावरही आपली नोंद कोणत्या बँकेत आहे ते पाहता येते. मात्र आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा, कारण त्यावर ओटीपी येतो. तो क्रमांक बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन बदलून घ्या. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नका.

आपल्या नावांची गोष्ट

आपल्या घरांत ही अडचण जरा जास्तच येते. आधारवर 'शेख' आधी, दिव्यांग प्रमाणपत्रावर शेवटी. एका कागदावर 'मोहम्मद', दुसऱ्यावर नुसते 'मो.'. बहिणीच्या नावापुढे कुठे 'बी', कुठे 'बेगम', कुठे काहीच नाही. आपल्याला ही एकच व्यक्ती वाटते, संगणकाला दोन वाटतात. म्हणून आधार, बँक पासबुक, यूडीआयडी कार्ड आणि योजनेची नोंद हे चार कागद शेजारी ठेवून नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर पैसे सुरू असतानाच दुरुस्त करा.

दिव्यांग प्रमाणपत्र कायमचे आहे की मुदतीचे, हेही पाहा. मुदतीचे असेल तर ती संपण्याच्या दोन-तीन महिने आधीच जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. शिवाय वर्षातून एकदा हयातीचा पुरावा द्यावा लागतो. तो राहून गेला की नाव थांबते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला नेता येत नसेल तर तसे तलाठ्याला किंवा तहसील कार्यालयाला लेखी कळवा.

एक वही ठेवा

खालांना आता आम्ही एक वही दिली आहे. पैसे आल्याची तारीख, रक्कम आणि कोणत्या महिन्याचे, असे तीनच रकाने. मधला कोणता महिना राहिला ते त्यातून लगेच दिसते. राहिला असेल तर तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी विचारलेल्याची नोंद राहत नाही. काम करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालाकडे जाऊ नका. अंगठा लावून पैसे काढताना पावती घ्या, आणि 'अंगठा लागला नाही' म्हणून पुन्हा लावायला सांगितले तर आधी खात्यातून रक्कम गेली नाही ना, ते विचारून घ्या.

खाला तहसीलच्या दारात म्हणाल्या होत्या, "बेटा, आपण मागणारे. जास्त कसे विचारायचे?" आम्ही त्यांना सांगितले तेच वाचकांनाही सांगतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम २४ मध्ये सामाजिक सुरक्षेची तरतूद आहे. तशाच योजनेत इतरांना जे मिळते त्यापेक्षा दिव्यांगांची मदत किमान २५ टक्के जास्त असावी, असे ते कलम सांगते. ही खैरात नाही, त्या मुलाचा हक आहे. आणि हकाची चौकशी करण्यात कसली लाज?

ज्यांच्या घरी शिकलेली मुले आहेत त्यांना एक विनंती. जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास मशिदीच्या बाहेर बसा. मोहल्ल्यातील दिव्यांगांचे कागद ताडून द्या, आधार कुठे जोडले आहे ते पाहून द्या. खालांच्या मुलाचे काम दोन फेऱ्यांत झाले. जुन्या बँकेत संमतीचा फॉर्म भरला, नव्या खात्यातले पैसे काढले, आणि त्याच संध्याकाळी खालांनी औषधाच्या दुकानातून महिन्याच्या पुऱ्या गोळ्या घेतल्या.