तोडलेल्या जंगलातले एल्क

काही वर्षांपूर्वी एका लेखात मी ठामपणे लिहिले होते की, थंडी-वाऱ्यापासून बचावासाठी एल्कला दाट झाडी लागतेच. ते विधान आज मागे घेतो.

एल्क म्हणजे उत्तर अमेरिकेतले, आपल्या सांबराच्या कुळातले पण त्याहून थोराड हरीण. माझी समजूत हवेतली नव्हती. ओरेगन-वॉशिंग्टनमधल्या ब्लू माउंटन्स या डोंगरांविषयी जॅक वॉर्ड थॉमस यांनी १९७९ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात एल्कसाठी ४० टक्के आडोसा आणि ६० टक्के चराईची जागा असे प्रमाण सुचवले होते. तोडीचे आराखडे त्यावर बेतले गेले.

१९९० च्या दशकात जॉन कुक आणि सहकाऱ्यांनी त्याच डोंगरांत ही समजूत पारखून पाहिली. माणसाळवलेल्या माद्या त्यांनी वेगवेगळ्या वाड्यांत ठेवल्या : कुठे दाट झाडी, कुठे मध्यम, तर कुठे सरसकट तोडलेली उघडी जागा. चारा मोजून दिलेला. म्हणजे फरक पडलाच तर तो आडोशाचा. हिवाळ्यात सर्वाधिक खंगल्या त्या दाट झाडीतल्या माद्या! उघड्यावरच्यांना ऊन मिळत होते. उन्हाळ्यात सावलीचाही म्हणावा असा लाभ दिसला नाही.

यावरून कुऱ्हाड निर्दोष ठरवणारेही भेटतात. पण त्या वाड्यांत नसलेली एक गोष्ट खऱ्या जंगलात असते : रस्ता. ओंडके वाहायला ट्रक, ट्रकसाठी रस्ते. तोड संपते, रस्ते उरतात. तिथल्याच स्टार्की प्रायोगिक जंगलात सुमारे १०,००० हेक्टरांना उंच कुंपण घालून, गळ्यात रेडिओपट्टे बांधून एल्कचा माग काढला गेला. वाहतुकीच्या रस्त्यांपासून ते दूर राहतात, असे दिसले. तोडलेल्या पट्ट्यात गवत, झुडपे, कोवळा पाला कितीही माजो. शेजारून मोटारी धावत असतील तर तो चारा असून नसल्यासारखा. झाडी इथे उपयोगी पडते, पण ऊब म्हणून नव्हे, लपण म्हणून.

शिवाय हे ताट कायमचे नसते. नवी झाडे वाढून माथे एकमेकांना भिडले की खाली ऊन पोचत नाही, चारा ओसरतो. उन्हाळ्याअखेर मादीच्या अंगावर किती चरबी साठली, यावर तिचे गाभण राहणे आणि हिवाळा निभावणे बरेचसे ठरते.

परवा त्या जुन्या लेखासाठी काढलेला नकाशा पुन्हा उघडला. तोडीचे पट्टे होते, झाडी होती, ओढेही होते. रस्ते मी दाखवलेच नव्हते.