नायक जगतो, भोवतालची माणसं मरतात

स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन स्टेसी पुलावरून खाली कोसळते. स्पायडरमॅन हातातून जाळ्याची दोरी सोडतो, ती तिच्या पायाला बरोबर चिकटते आणि वाचवलं म्हणून तो हरखून जातो. त्याच चौकटीत तिच्या मानेजवळ अगदी बारीक अक्षरांत एक आवाज लिहिलेला आहे : ‘स्नॅप’. पहिल्या वाचनात तो सहज नजरेतून सुटतो. तिला वर ओढून घेतल्यावर कळतं, की ती गेलेली आहे. पडतानाच मेली होती, असं खलनायक ग्रीन गॉब्लिन म्हणतो. पुढे मासिकाच्या पत्रांच्या पानावर संपादकांनी खुलासा केला, की एकदम थांबल्यामुळे बसलेल्या हिसक्यानं तिचा जीव गेला. म्हणजे वाचवणाऱ्याच्याच दोरीनं.

हा अंक जून 1973चा, ‘द अमेझिंग स्पायडरमॅन’चा 121वा. लेखक जेरी कॉन्वे तेव्हा जेमतेम विशीतला होता. चित्रं गिल केनची. 2014च्या स्पायडरमॅनच्या सिनेमात हाच प्रसंग घड्याळाच्या मनोऱ्यात घडतो, तो आजच्या मुलांनी पाहिलेला असतो. पण 1973 साली नायकाची प्रेयसी मरते, हे वाचकाच्या कल्पनेतही नव्हतं. स्पायडरमॅनच्या गोष्टीत मरण आधीही होतं. ऑगस्ट 1962च्या पहिल्याच कथेत बेनकाका मारले जातात आणि पुतण्याला जबाबदारीची जाणीव होते. मात्र बेनकाकांना वाचक नीट ओळखायच्या आतच ते जातात. ग्वेन वर्षानुवर्षं वाचकांच्या घरात येत होती, म्हणून ती जिव्हारी लागली.

नायकाच्या भोवतालचीच माणसं का मरतात, याचं कारण धंद्यात आहे. स्पायडरमॅन, बॅटमॅन ही पात्रं लेखकाच्या नव्हे, कंपनीच्या मालकीची. अंक दर महिन्याला निघायला हवा, खेळणी आणि सिनेमेही चालायला हवेत, म्हणून नायक म्हातारा होत नाही, मरत नाही, फारसा बदलतही नाही. तरी वाचकाला काहीतरी घडल्यासारखं वाटलं पाहिजे. मग घाव कुणावर घालायचा? मित्रावर, काकावर, प्रेयसीवर, हाताखालच्या पोरावर.

याचा कळस 1988 साली झाला. बॅटमॅनच्या हाताखालचा पोरगा म्हणजे रॉबिन. दुसरा रॉबिन, जेसन टॉड, अनेक वाचकांना आवडत नव्हता. डीसी कंपनीनं 427व्या अंकात त्याला स्फोटात सापडलेला दाखवला आणि अंकासोबत दोन फोन नंबर छापले : एक त्याला जगवायला, दुसरा मारायला. फोनला पैसे पडत. मरावा म्हणणारे 5,343, जगावा म्हणणारे 5,271. फरक फक्त 72 मतांचा. चित्रकार जिम अपारो यांनी दोन्ही शेवट काढून ठेवले होते. बॅटमॅन पोराचा देह हातांवर घेऊन येतो, ते चित्र छापून आलं. मला यातलं क्रौर्य मतांच्या आकड्यात दिसत नाही. एका पोराचं मरण केवळ बॅटमॅनला आणखी गंभीर करण्यासाठी वापरलं गेलं, त्यात दिसतं.

बायकांच्या वाट्याला हे जास्त आलं. 1994च्या ‘ग्रीन लँटर्न’च्या 54व्या अंकात नायकाची मैत्रीण अलेक्झांड्रा डिविट हिला खलनायक मारतो आणि तिचा मृतदेह फ्रिजमध्ये कोंबून ठेवतो. 1999 साली गेल सिमोन या वाचक बाईंनी (पुढे त्या स्वतः नामवंत कॉमिक्स-लेखिका झाल्या) अशा मारल्या गेलेल्या, जायबंदी झालेल्या स्त्रीपात्रांची यादीच मांडली. त्यांचा प्रश्न साधा होता : नायकाला दुःख व्हावं, एवढ्यासाठीच या बायका कथेत येतात का? उलट उदाहरणही आहे. 1988च्या ‘द किलिंग जोक’ या बॅटमॅनच्या कथेत खलनायक जोकरच्या गोळीनं बार्बरा गॉर्डन, म्हणजे बॅटगर्ल, पांगळी झाली. किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या लेखक जोडप्यानं तिला तिथंच सोडून दिलं नाही. चाकांच्या खुर्चीवर बसून संगणकाच्या जोरावर सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी ‘ओरॅकल’ तिच्यातून घडवली.

आणि मेलेले परत येतातच. कॅप्टन अमेरिकाचा साथीदार बकी, जेसन टॉड आणि बेनकाका हे तिघेच कायमचे मेलेत, असं कॉमिक्सवाले म्हणत. 2005 साली बकी आणि जेसन दोघंही परतले. जो परत येणारच आहे, त्याच्यासाठी वाचक रडेल कसा? या परतण्यानं पुढच्या प्रत्येक मरणाची किंमत कमी झाली, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे आधी आला तो वेताळ. 1964पासून इंद्रजाल कॉमिक्सनं ली फॉकचा हा फँटम घरोघरी पोहोचवला. ती कॉमिक्स मराठीतही निघत. वेताळाच्या गोष्टीत उलटा न्याय आहे : तिथं नायकच मरतो. कवटीच्या गुहेत वीस पूर्वज पुरलेले आहेत, त्यांच्या रोजनिशा कपाटात आहेत, आणि मुलगा बापाचाच बुरखा चढवतो. मेलेला परत येत नाही, त्याचं काम पुढे चालतं.

आपला पोवाडा तर आणखी पुढे जातो. 1670 साली कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले. पण लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट गड घेतल्यावर थांबत नाही. तानाजी मुलाचं, रायबाचं, लग्न टाकून गेले होते. ते लग्न महाराजांनी लावून दिलं, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. इतिहासाच्या कसोटीवर त्यातलं किती टिकेल, तो भाग वेगळा. ऐकणाऱ्याला मात्र गेलेल्याच्या घराची चौकशी हवी होती. ग्वेनच्या घरी पुढे काय झालं, याची विचारपूस कॉमिक्सनं क्वचितच केली.

यवतमाळ जिल्ह्यात बसून हे लिहिताना एक नाटक डोळ्यांपुढून हलत नाही. त्यातलं मरण कल्पनेतलं नाही, त्यामुळे ते आणि कॉमिक्समधलं मरण एका मापानं मोजता येणार नाही. तरी प्रश्न तोच आहे : मागे राहिलेल्यांचं काय? शेतकरी आत्महत्येची बातमी येते तेव्हा त्यात कर्ज असतं, कापूस असतो, सरकार असतं. मागे राहिलेली बाई शेवटच्या ओळीत असते. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाटकात आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या स्त्रियाच रंगमंचावर उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या मरणानंतरचं जगणं त्यांनी स्वतः मांडलं. त्यातल्याच राजूरच्या वैशाली येडे. जानेवारी 2019मध्ये यवतमाळला भरलेल्या 92व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. बातमीच्या शेवटच्या ओळीतली बाई त्या दिवशी व्यासपीठावरून बोलली आणि सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं.

घरातल्या मुलाच्या हातात स्पायडरमॅनचा तो 121वा अंक कधी आला, तर काढून घेऊ नका. ‘ही मुलगी कोण होती, तिच्या घरी कोण होतं?’ एवढं त्याला विचारा. आणि ‘तेरवं’चा प्रयोग कुठे जवळपास लागला, तर त्याला सोबत घेऊन जरूर जा.