रोजगार मार्गदर्शन, महाविद्यालयीन

पदवीधरांना नोकरी, उमेदवारी व अधिछात्रवृत्ती यांची माहिती देणारी आणि त्यांसाठी तयारी करून घेणारी सेवा. व्यवहारात तिला ‘प्लेसमेंट सेल’ म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्था. १९८३) ती उपलब्ध आहे. नियोक्त्यांशी संपर्क, अर्जलेखन व मुलाखतींचा सराव ही तिची मुख्य कार्ये होत. निवड मात्र नियोक्ताच करतो. महाविद्यालयात येऊन मुलाखती घेण्याची प्रथा मुख्यतः अभियांत्रिकी व व्यवस्थापन शाखांत रूढ आहे. इतर शाखांत माहितीचेच मोल अधिक : ‘नेट’ परीक्षेद्वारे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, तर पीएच्.डी.साठी बार्टी, सारथी (२०१८) व महाज्योती (२०१९) या राज्यसंस्थांचे साहाय्य मिळू शकते. एखादा दाखला वा मुदत चुकल्यास पात्र विद्यार्थीही वंचित राहतो. म्हणून हे मार्गदर्शन पहिल्या वर्षापासूनच मिळणे इष्ट ठरते.