माल सुरतेचा, दर्या टोपीकरांचा

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सुरत नवी नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीचा व्यापारी साड्यांसाठी सुरतेला जातो, मार्केटमध्ये दोन दिवस फिरतो, दलालाच्या गादीवर चहा घेतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. याच शहराच्या टांकसाळीतून निघणाऱ्या मोगल नाण्यांवर एके काळी 'बंदर-ए-मुबारक' असे लिहिलेले असे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. हिंदुस्थानातले बहुसंख्य हाजी इथूनच जहाजावर चढत, म्हणून हा मान. उर्दू शाळेत आम्ही जी तवारीख शिकलो ती बादशहांची आणि लढायांची. बंदर, गोदी, गुदाम, हुंडी यांची तवारीख आम्हाला कोणी शिकवली नाही. व्यापाऱ्याला उपयोगी ती हीच.

साधारण समज असा आहे की टोपीकर आले, त्यांच्याकडे माल चांगला होता, भांडवल मोठे होते, अक्कल जास्त होती, म्हणून आपले व्यापारी मागे पडले. सुरतेचा हिशोब उघडून पाहिला तर निदान पहिली सव्वाशे वर्षे हे खरे दिसत नाही.

अकबराने १५७२-७३ मध्ये गुजरात जिंकला आणि सुरत मोगलांच्या ताब्यात आली. जमिनीवर त्या काळी या फौजेपुढे उभे राहणारा कोणी नव्हता. पण किनाऱ्यावर पाणी लागले की बादशहाचा अंमल संपत असे. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ आणि १५३५ मध्ये दीव अशी नाकी धरून ठेवली होती. त्यांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, घेतल्याशिवाय कोणी जहाज हाकारले तर ते जप्त होई. परवान्याची फी थोडी असे. खरी मेख अशी की परवाना घेणाऱ्याला त्यांच्या बंदराला लागून तिथे जकात भरावी लागे. म्हणजे माल आपला, जहाज आपले, नाखुदा आपला आणि दर्यावर चालण्याचे भाडे तिसऱ्याला!

हा परवाना खुद्द शाही घराण्यालाही चुकला नाही. अकबराच्या आत्या गुलबदन बेगम हजला निघाल्या तेव्हा परवान्यापायी त्यांना सुरतेत बरेच महिने अडकून पडावे लागले. परवान्यावर हजरत ईसा आणि बीबी मरियम यांच्या तसबिरी असत. असा कागद घेऊन जावे लागते, तेव्हा या परिस्थितीत हज फर्ज राहात नाही, असे मत मखदूम-उल-मुल्क यांच्यासारख्या दरबारी आलिमाने दिले. त्यावर तेव्हाही वाद झाला. आम्ही त्या वादात शिरत नाही. पण दर्या आपला नाही ही गोष्ट फतव्यापर्यंत पोहोचली होती, एवढे त्यावरून दिसते.

इंग्रज आले ते या पार्श्वभूमीवर. कॅप्टन विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये 'हेक्टर' जहाजातून सुरतेला उतरला आणि पुढच्या वर्षी आग्र्याला पोहोचला. त्याला तुर्की येत होती, त्यामुळे जहांगीरशी तो दुभाष्यावाचून बोलू शके. बादशहा खूश झाला, ४०० ची मनसब दिली. पण कोठीची पक्की परवानगी काही मिळाली नाही, पोर्तुगीजांनी ती मिळू दिली नाही. हॉकिन्स १६११ मध्ये आग्र्याहून हात हलवीत परतला. मग १६१२ मध्ये सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात थॉमस बेस्टच्या जहाजांनी पोर्तुगीजांना दाद दिली नाही, आणि १६१३ मध्ये सुरतेत इंग्रजांची कोठी कायम झाली. दरबारात दोन वर्षे गोड बोलून जे झाले नाही ते तोफांनी थोड्या दिवसांत केले. त्याच १६१३ साली पोर्तुगीजांनी जहांगीरच्या वालिदा मरियम-उज्-जमानी यांचे 'रहीमी' हे जहाज धरले. जहाजापाशी पोर्तुगीजांचाच परवाना होता, तरी धरले. बादशहाने संतापून पोर्तुगीजांचा व्यापार बंद केला, दमणवर फौज धाडली. जुन्या फिरंग्यावर उतारा म्हणून नवा फिरंगी बरा, असे दरबाराला वाटले असल्यास नवल नाही. स्वतःचे आरमार बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते.

आता बाजाराकडे येऊ. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो आला, १६१९ पर्यंत राहिला, तरी इंग्रजांना विकायला माल सापडेना. त्यांचे जाड लोकरी कापड इथल्या उन्हात कोण अंगावर घालणार? हत्तीच्या झुली, पालखीचे आच्छादन, घोड्याचे खोगीर, एवढाच त्याला उठाव. म्हणून ते चांदी आणत. ती सुरतेच्या टांकसाळीत द्यायची, रुपये पाडून घ्यायचे, आणि त्या रुपयांनी कापड व नीळ उचलायची. टांकसाळीत नंबर लागायला उशीर झाला की सराफांकडे धावायचे. विरजी व्होरा या जैन शेटजींकडून इंग्रजांची कोठी वारंवार कर्ज काढी. हे शेटजी काळ्या मिरीचा साठा एकदम उचलत आणि मग इंग्रजांना त्यांच्याच भावाने ती घ्यावी लागे. डचांना मलुकू बेटांतली लवंग-जायफळ हवी होती, पण तिथल्या लोकांना चांदीपेक्षा गुजरातचे आणि कोरोमंडलचे कापड हवे असे. म्हणजे ज्या मसाल्यासाठी युरोप वेडा झाला होता तो मसाला आपल्या मागावरच्या कापडाने खरेदी होत होता.

त्या कापडांची नावे इंग्रजांच्या वह्यांत जशीच्या तशी आली आहेत. भडोचचा बाफ्ता घ्या. फारसी 'बाफ्तन' म्हणजे विणणे, बाफ्ता म्हणजे विणलेला. छीट त्यांच्याकडे जाऊन चिंट्झ झाली, कालिकतवरून कॅलिको झाले. विलायतेत या मालाने एवढा धुमाकूळ घातला की तिथल्या विणकरांनी १७१९ मध्ये दंगे केले, आणि १७२१ मध्ये पार्लमेंटने कायदा करून छापील सुती कापड वापरायला जवळजवळ बंदीच घातली. खुल्या बाजारात आपल्या कापडाला ते तोंड देऊ शकले नाहीत, म्हणून कायदा आडवा घातला.

खरेदीची रीत आपल्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल. कंपनीकडून वर्षभर आधी मागणीची यादी आणि नमुने येत. कोठीचा दलाल मालाचा करार करी आणि विणकरांना दादनी वाटी. दादनी म्हणजे आगाऊ रक्कम. तीतून विणकर सूत घेई आणि घर चालवी. माल आला की नमुन्याशी ताडून लांबी-रुंदी, पोत पाहायचा, धुलाईला द्यायचा, गठ्ठे बांधायचे आणि जहाजे निघण्यापूर्वी बंदरात पोहोचवायचे. एका हंगामाचा माल चुकला की वर्ष गेले. आजही जॉबवर माग चालवणाऱ्याचे याहून फार वेगळे नाही.

या दादनीत विणकर बांधला जात होता का? सतराव्या शतकात फारसा नाही. कारण इंग्रजांच्या शेजारी डच होते, १६६० च्या दशकात फ्रेंच आले, शिवाय आर्मेनियन, इराणी, तुर्क, बोहरी, वाणी हे सगळे त्याच गावांत खरेदीला उतरलेले. एकाची रक्कम घेतली आणि दुसऱ्याने भाव जास्त दिला तर विणकर माल दुसऱ्याला देई आणि पहिल्याची रक्कम परत करी. कोठीवाल्यांच्या पत्रांत याची रडगाणी भरपूर आहेत. १६३०-३२ च्या गुजरातच्या भीषण दुष्काळात असंख्य विणकर मेले किंवा परागंदा झाले. त्यानंतर जे उरले त्यांना सगळेच शोधू लागले. गिऱ्हाईक चार असले की कारागिराची मान ताठ राहते.

व्यापाऱ्यांच्या एकीचाही एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, आणि तो आपल्या बांधवांनी मोकळ्या मनाने वाचावा. १६६९ मध्ये सुरतेच्या काझीच्या जाचाला आणि बळजबरीच्या धर्मांतराला कंटाळून सुमारे ८ हजार वाणी शहर सोडून भडोचला गेले. बाजार ठप्प झाला, टांकसाळ आणि जकात दोन्ही बसली. औरंगजेबाकडून अभय मिळाल्यावरच ते परतले. तोफ नाही, तलवार नाही, फक्त दुकानाला कुलूप. बादशहाला ते ऐकावे लागले.

पण हे कुलूप दर्यावर चालत नव्हते, आणि जमिनीवरही सरकारचे रक्षण कितपत होते ते १६६४ मध्ये दिसले. शिवाजी महाराजांची फौज आली तेव्हा एवढ्या श्रीमंत शहराला धड तट नव्हता. मोगलांचा सुभेदार इनायत खान किल्ल्यात जाऊन बसला. विरजी व्होरा आणि हाजी जाहिद बेग यांची घरे लुटली गेली. इंग्रज आणि डचांनी मात्र आपापल्या कोठ्या हत्यार घेऊन राखल्या. जकात भरणारा उघड्यावर आणि जकातीत सवलत घेणारा सुरक्षित, असा तो प्रकार. १६७० मध्ये पुन्हा तेच घडले. त्यातून इंग्रजांनी घ्यायचा तो बोध घेतला. मुंबई त्यांच्या राजाला १६६१ च्या लग्नाच्या तहात मिळाली होती, ती १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड खंडावर कंपनीकडे आली होती, आणि १६८७ मध्ये कंपनीचे मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला गेले.

त्या वेळीही तोल पुरता फिरला नव्हता. कंपनीने उर्मटपणे मोगलांशी भांडण काढले तेव्हा १६८९ मध्ये जंजिऱ्याचे सिद्दी याकूत खान मुंबईवर उतरले. माझगावसकट बेटाचा बराच भाग त्यांनी घेतला आणि इंग्रजांना किल्ल्यात कोंडले. १६९० मध्ये इंग्रजांनी माफी मागून दीड लाख रुपये दंड कबूल केला. मोगलांसाठी दर्यावर लढणारे आरमार होते ते या सिद्दींचे, आणि त्याचा खर्च सुरतेच्या उत्पन्नातून दिला जाई. जिथे आपले आरमार होते तिथे टोपीकर नमला, हे विसरता येत नाही.

सुरतेच्या व्यापाऱ्यांत तेव्हा सर्वांत मोठे नाव मुल्ला अब्दुल गफूर यांचे. मूळचे पाटणचे सुन्नी बोहरी. अलेक्झांडर हॅमिल्टन या स्कॉटिश कप्तानाने लिहून ठेवले आहे की एकट्या अब्दुल गफूर यांचा व्यापार अख्ख्या ईस्ट इंडिया कंपनीएवढा होता आणि एका वर्षात त्यांची २० हून अधिक जहाजे निघत. टोपीकराने दिलेली ही कबुली आहे, त्यात आपण भर घालण्याचे कारण नाही. त्यांचा बहुतेक व्यापार तांबड्या समुद्राकडे, मोखा आणि जेद्दाला चाले.

१६९५ मध्ये हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने प्रथम अब्दुल गफूर यांचे 'फतेह मुहम्मदी' लुटले आणि मग बादशहाचे 'गंज-ए-सवाई'. त्यावर परतणारे हाजी होते, बायका होत्या. त्यांचे जे हाल झाले ते सांगवत नाहीत. खाफी खान हा त्या काळचा इतिहासकार लिहितो की जहाजावर ८० तोफा, ४०० बंदुका आणि ५२ लाखांचे सोने-चांदी होते, आणि हल्ला करणारे जहाज याहून पुष्कळ लहान होते. तरी जहाज पडले, कारण लढणारी माणसे नव्हती, कप्तान इब्राहीम खान तळाशी जाऊन लपला. ८० तोफांचा खर्च करायचा आणि गोलंदाजांवर काटकसर करायची, याला व्यापारी भाषेत काय म्हणावे?

सुरतेत खळबळ उडाली. इंग्रजांना बेड्या पडल्या. भरपाई मिळावी म्हणून अब्दुल गफूर यांनी व्यापाऱ्यांचा पुढाकार घेतला. शेवटी १६९८-९९ च्या सुमारास इंग्रज, डच आणि फ्रेंच तिघांकडून मुचलके लिहून घेण्यात आले की चाच्यांपासून सुरतेची जहाजे राखू आणि नुकसान भरून देऊ. पाण्याच्या वाटाही तिघांत वाटून दिल्या, तांबड्या समुद्राकडची वाट डचांकडे गेली. दरबाराला हा विजय वाटला. आमच्या मते खरा तोटा इथेच लिहिला गेला. ज्यांच्यापासून भीती त्यांच्याच हाती पहारा दिला, आणि तोही कागदावर सही घेऊन.

तरी १७०१ च्या सुमारास सुरतेच्या व्यापाऱ्यांची शंभरावर जहाजे होती. पुढच्या पन्नास वर्षांत ती वीसच्या आसपास उरली. अशीन दास गुप्ता यांनी १९७९ मध्ये सुरतेच्या पडझडीवर पुस्तक लिहिले. त्यांनी डचांची दफ्तरे चाळून दाखवले आहे की युरोपियनांच्या स्पर्धेपेक्षा मोगल, सफवी आणि उस्मानी या तिन्ही सल्तनती एकाच काळात खिळखिळ्या झाल्याचा हा फटका होता. १७२२ मध्ये इस्फहान पडले, आग्रा-दिल्लीहून सुरतेला येणाऱ्या वाटा असुरक्षित झाल्या, येमेनात गोंधळ माजला. माल आणायला वाट नाही आणि न्यायला बाजार नाही. त्यात सुरतेचे अंमलदार व्यापाऱ्यांनाच पिळू लागले. अब्दुल गफूर १७१८ मध्ये वारले तेव्हा मुतसद्द्याने त्यांची मालमत्ता जप्त केली. वारसांना दिल्ली गाठून ती सोडवावी लागली. त्यांचे नातू मुहम्मद अली १७३२ मध्ये व्यापाऱ्यांच्या बंडात पुढे होते. सुभेदार बदलला, पण ज्याला गादीवर बसवले त्या तेग बेग खानानेच त्यांना कैद केले, आणि १७३३ मध्ये कैदेतच त्यांचा अंत झाला. सुरतेच्या सर्वांत मोठ्या जहाजमालकाचे घराणे असे संपले.

दरम्यान इंग्रजांनी १७१७ मध्ये फर्रुखसियरकडून फर्मान मिळवले होते. सुरतेत वर्षाला १० हजार रुपये एकरकमी भरले की जकात माफ. आपला व्यापारी दर गठ्ठ्यावर जकात भरत होता, त्याने भावात बरोबरी कशी करावी? बंगालमध्ये कंपनीने १७५३ मध्ये दादनी व्यापारी काढून टाकले आणि आपले पगारी गुमास्ते थेट विणकरांच्या दारात उभे केले. १७५७ नंतर तिथे दुसरे गिऱ्हाईक उरलेच नाही. मग तीच दादनी, जी घेऊन विणकर चार जणांत भाव करी, त्याच्या गळ्यातला फास झाली. कंपनीची रक्कम एकदा घेतली की दुसऱ्याला हातभर कापड विकायची सोय नाही.

सुरतेत १७५९ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला. त्याबरोबर किल्लेदारी आणि सिद्दींकडे असलेले शाही आरमाराचे कामही बादशाही सनदेने कंपनीच्या नावे झाले. आरमाराचा तनखा पूर्वीप्रमाणेच सुरतेच्या उत्पन्नातून मिळू लागला. त्या उत्पन्नातला मोठा हिस्सा व्यापाऱ्यांनी भरलेली जकात हाच होता.