कोड वाचता येतो, किंमत नाही

1 नोव्हेंबर 2021 रोजी ‘स्क्विड’ नावाच्या क्रिप्टो टोकनचा भाव 2,861 डॉलरपर्यंत चढला आणि काही मिनिटांत जवळपास शून्यावर आला. एका गाजलेल्या कोरियन मालिकेच्या नावावर काही दिवसांपूर्वीच बाजारात आलेल्या या टोकनचा मालिकेच्या निर्मात्यांशी काडीचाही संबंध नव्हता. ते विकत घेता येई, पण विकायला गेलं की व्यवहारच होत नसे. विक्रीवर बंधन घालणारी ‘अँटी-डम्पिंग’ यंत्रणा माहितीपत्रकातच नमूद होती. तरीही अनेकांनी टोकन घेतलं. कर्ते सुमारे 33 लाख डॉलर घेऊन पसार झाले.

‘स्क्विड’सारख्या, इंटरनेटवरच्या गाजलेल्या विनोदांवर किंवा मालिकांवर बेतलेल्या टोकनना मीम कॉइन म्हणतात. त्यांचा जन्म मात्र थट्टेतून झाला. 2013मध्ये बिली मार्कस आणि जॅक्सन पामर यांनी शिबा इनू कुत्र्याचं चित्र लावून डोजकॉइन काढलं. त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. साधारण दर मिनिटाला 10,000 नवी नाणी तयार होतात, म्हणजे वर्षाला 500 कोटींहून अधिक. एकूण संख्येला मर्यादा नाही. एवढं सगळं कोडमधून कळतं. या नाण्यामागे उत्पन्न काय, मालमत्ता काय, हे मात्र त्यात शोधून सापडत नाही. पुढचं गिऱ्हाईक जेवढे पैसे मोजेल तेवढाच त्याचा भाव. खुद्द पामर यांनी 2021मध्ये क्रिप्टो उद्योगावर जाहीर टीका करून तिकडे परतणार नसल्याचं सांगितलं.

खुल्या कोडचा कस लागतो तो तपासण्याजोगा दावा असेल तिथे.

वापरकर्त्यांचे संदेश आपल्यालाही वाचता येत नाहीत, हा ‘सिग्नल’ या मेसेजिंग ॲपचा दावा. त्याचाही कोड खुला आहे. अँड्रॉइडवर जाणकार त्याच कोडमधून स्वतः ॲप तयार करून प्ले स्टोअरवरच्या ॲपशी ताडून पाहू शकतात. 2016मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात ग्रँड ज्युरीने तपासासाठी वापरकर्त्यांची माहिती मागवली, तेव्हा सिग्नलकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि सर्व्हरशी शेवटचा संपर्क कधी झाला.

तरीही खुला कोड म्हणजे अभेद्य कोड नव्हे. इंटरनेटवरचा संवाद सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या खुल्या सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ त्रुटी सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनही 2014पर्यंत, सुमारे दोन वर्षं, उघडकीस आली नाही. आणि 2021मध्ये सिग्नलनेच ‘मोबाइलकॉइन’ या क्रिप्टो चलनातून पैसे पाठवण्याची सोय आणली, तेव्हा सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर यांनी तिच्यावर सडकून टीका केली. संदेशांच्या ॲपला पैशांचे व्यवहार जोडले की सरकारी चौकशीला आयतं कारण मिळतं, असा त्यांचा आक्षेप होता.

भारतात मीम कॉइन घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. एप्रिल 2022पासून अशा व्यवहारांतल्या नफ्यावर 30 टक्के कर लागतो, आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही.